‘यशस्वी स्टार्टअप’ म्हणजे नेमकं काय? स्वच्छ ऊर्जेवरचे तीन शोधनिबंध वाचताना

मागच्या वर्षी संशोधन सल्लागार समितीसमोर सिनॉप्सिस मांडताना मी एक वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने वाचलं होतं: ‘नेट झिरोच्या दिशेने जाताना शासकीय अनुदानामुळे स्वच्छ ऊर्जा क्षेत्रातील स्टार्टअप यशस्वी होतात का, याचा अभ्यास करणे हे प्रस्तुत संशोधनाचे प्रमुख उद्दिष्ट आहे.’ समितीत बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या एक मॅडम होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “यशस्वी म्हणजे काय?” मी म्हणालो, “कंपनी टिकली, तिला गुंतवणूक मिळाली, पेटंट मिळालं म्हणजे यशस्वी.” त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न आला, “आणि नेट झिरो? ते शीर्षकात आहे, उद्दिष्टात आहे, पण तुमच्या चलांच्या यादीत मला कुठंच दिसत नाही.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत आला. तेव्हा राग आला होता, कारण ज्या शोधनिबंधांवर मी माझा आराखडा बेतला होता त्यांतही हेच चल वापरलेले होते. मग ते निबंध पुन्हा काढले आणि या वेळी फक्त एकच गोष्ट शोधत वाचले: यांनी यश कशात मोजलंय? त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. विषय ऊर्जेचा आहे, पण वाणिज्य, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा कोणत्याही विषयात पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना याचा उपयोग होईल असं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

भारताने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत नेट झिरो गाठण्याचं जाहीर केलं. नेट झिरो म्हणजे जेवढा हरितगृह वायू हवेत सोडू तेवढाच शोषला जाईल अशी स्थिती. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०५० च्या जागतिक नेट झिरोचा एक मार्ग मांडला होता. त्यानुसार २०५० साली लागणाऱ्या उत्सर्जन कपातीपैकी जवळपास निम्मी कपात अशा तंत्रज्ञानातून यायची होती जे अजून बाजारातच आलेलं नव्हतं, प्रात्यक्षिक किंवा नमुना अवस्थेत होतं. २०२३ च्या सुधारित आवृत्तीत हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर आलं. तरीही एक तृतीयांशाहून जास्तच.

हे तंत्रज्ञान बाजारात आणणार कोण? बऱ्याचदा छोट्या कंपन्या. पण मोबाईल ॲप बनवणारी कंपनी आणि नवी बॅटरी बनवणारी कंपनी यांत मोठा फरक आहे. ॲपला चार संगणक आणि चार माणसं पुरतात. सहा महिन्यांत ग्राहक सांगतो, हवंय की नको. बॅटरीला प्रयोगशाळा लागते, मग छोटा प्रायोगिक कारखाना, मग मोठा कारखाना. प्रयोगशाळेतलं अनुदान संपलेलं असतं आणि बँक म्हणते, आधी विक्री दाखवा. या मधल्या टप्प्यात अनेक कंपन्या बंद पडतात. संशोधन साहित्यात याला ‘व्हॅली ऑफ डेथ’ म्हणतात. सरकारने मदत करावी ती इथे, असा साधा युक्तिवाद आहे. तो मला पटतो. प्रश्न आहे तो ही मदत उपयोगी पडली की नाही हे तपासायचं कसं, हा.

पहिला निबंध: कटऑफच्या अलीकडचे आणि पलीकडचे

साब्रिना हॉवेल यांचा निबंध २०१७ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाकडून छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी अनुदान मिळतं. पहिल्या टप्प्यात सुमारे दीड लाख डॉलर, दुसऱ्या टप्प्यात सुमारे दहा लाख डॉलर. हॉवेल यांनी १९८३ ते २०१३ या काळातल्या सात हजारांहून अधिक अर्जदार कंपन्यांची माहिती मिळवली. महत्त्वाचं म्हणजे, ज्यांना अनुदान मिळालं नाही त्यांचीही मिळवली.

पद्धत समजून घ्या, कारण ती फार सुंदर आहे. आपल्याकडे सीईटीचा कटऑफ लागतो. समजा एका मुलीला ९८.४१ पर्सेंटाईल आहेत, तिला प्रवेश मिळाला. दुसरीला ९८.३९ आहेत, तिचा हुकला. दोघींच्या हुशारीत असा काय फरक? जवळजवळ काहीच नाही. पाच वर्षांनी दोघींच्या करिअरमध्ये मोठा फरक दिसला, तर तो कॉलेजमुळे पडला असं म्हणायला आधार मिळतो. हॉवेल यांनी हेच केलं. अधिकारी अर्जांना क्रमांक देत, पण किती अर्जांना पैसे मिळणार हे क्रमांक देताना त्यांना ठाऊक नसे. म्हणून कटऑफच्या जरा वरच्या आणि जरा खालच्या कंपन्यांची तुलना करता आली. या पद्धतीला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, कल्पना कटऑफचीच आहे.

निष्कर्ष काय? पहिल्या टप्प्याचं छोटं अनुदान मिळालं की पुढे व्हेंचर कॅपिटल मिळण्याची शक्यता १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळपास दुप्पट होते. पेटंट आणि महसूलही वाढतात. ज्या कंपन्यांना पैशांची जास्त चणचण होती त्यांना जास्त फायदा झाला. सरकारी शिक्का बसला म्हणून गुंतवणूकदार आले असं नाही. कंपनीला नमुना बनवून दाखवता आला, म्हणून आले. आणि दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या अनुदानाचा मात्र फारसा परिणाम दिसला नाही. एक कारण असं की ज्यांना बाहेरून पैसे मिळाले त्यांतल्या अनेकांनी दुसऱ्या टप्प्याला अर्जच केला नाही.

निबंध वाचून मी प्रभावित झालो आणि अजूनही आहे. पण आता टीका. यात सगळ्यात जास्त चर्चिला गेलेला निकष आहे व्हेंचर कॅपिटल. याच काळाबद्दल बेंजामिन गॅडी, वरुण शिवराम आणि सहकाऱ्यांचा एक वेगळा अभ्यास आहे. तो सांगतो की २००६ ते २०११ या काळात व्हेंचर कॅपिटल कंपन्यांनी स्वच्छ ऊर्जेच्या स्टार्टअपमध्ये २,५०० कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतला आणि त्यातला निम्म्याहून जास्त गमावला. त्यांचं म्हणणं असं की ऊर्जा तंत्रज्ञानाला लागणारा वेळ आणि भांडवल पाहता व्हेंचर कॅपिटल हे या क्षेत्रासाठी चुकीचंच साधन आहे.

आता हे दोन निबंध शेजारी ठेवा. एकात व्हेंचर कॅपिटल मिळणं हे यशाचं माप आहे, तर दुसऱ्यात व्हेंचर कॅपिटल हीच चुकीची वाट ठरते. दोन्ही निबंध आपापल्या जागी बरोबर असू शकतात. हॉवेल यांनी महसूलही मोजला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण माझ्यासारखा विद्यार्थी पहिल्या निबंधातलं ‘दुप्पट’ एवढंच उचलतो आणि आपल्या प्रस्तावनेत लिहितो, ‘अनुदानामुळे यश दुप्पट होते.’ मी अगदी हेच लिहिलं होतं. प्रत्यक्षात दुप्पट झाली ती गुंतवणूक मिळण्याची शक्यता. त्या गुंतवणुकीचं पुढे काय झालं, हा वेगळा प्रश्न आहे.

दुसरा निबंध: तुलना कोणाशी?

अमेरिकेत २००७ च्या कायद्याने आर्पा-ई नावाची संस्था स्थापन झाली. लष्करी संशोधनाला पैसे देणाऱ्या डार्पाच्या धर्तीवर, पण ऊर्जेसाठी. २००९ मध्ये तिला पहिला निधी मिळाला, ४० कोटी डॉलर. ॲना गोल्डस्टीन, क्लॉडिया डॉब्लिंगर, एरिन बेकर आणि लॉरा डियाझ अनाडोन यांनी २०१० मध्ये आर्पा-ईने निवडलेल्या २५ स्टार्टअपचा पुढचा प्रवास तपासला. तो निबंध २०२० मध्ये ‘नेचर एनर्जी’मध्ये प्रसिद्ध झाला.

इथे यशाचे दोन वेगळे कप्पे केलेत, आणि मला ते फार आवडलं. एक कप्पा नवनिर्मितीचा, तो पेटंटवरून मोजला. दुसरा व्यवसायाचा, तो मिळालेलं व्हेंचर कॅपिटल, कंपनीचं टिकणं आणि ती विकली जाणं किंवा शेअर बाजारात येणं यांवरून मोजला. तुलनेचे गटही एक नाही, तीन: आर्पा-ईने नाकारलेले अर्जदार, दुसऱ्या एका सरकारी कार्यक्रमातून मदत मिळालेल्या कंपन्या आणि क्षेत्रातल्या इतर तशाच कंपन्या.

पेटंटमध्ये आर्पा-ईच्या कंपन्या तिन्ही गटांच्या पुढे होत्या. व्यवसायात मात्र चित्र बदललं. नाकारलेल्या अर्जदारांपेक्षा त्या सरस ठरल्या, पण क्षेत्रातल्या इतर स्टार्टअपच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. स्थापनेपासूनच्या दहा वर्षांत ‘व्हॅली ऑफ डेथ’ पूर्णपणे ओलांडून देणं आर्पा-ईला जमलं नाही, असा लेखकांचा निष्कर्ष आहे.

विद्यार्थी म्हणून इथे थांबा. एकाच माहितीतून दोन मथळे निघतात. नाकारलेल्यांशी तुलना केली तर मथळा होतो, ‘सरकारी मदत यशस्वी’. इतरांशी केली तर होतो, ‘सरकारी मदतीने फरक पडला नाही’. शिवाय पहिल्या तुलनेत एक खोच आहे. नाकारलेले मागे पडले ते पैसे न मिळाल्यामुळे, की ते मुळात कमकुवत होते म्हणूनच नाकारले गेले? कटऑफची पद्धत ही खोच बऱ्याच अंशी काढते. पण त्यासाठी मोठा नमुना लागतो, आणि २५ कंपन्यांवर ती पेलत नाही. म्हणून लेखकांनी तीन गट घेतले. हा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे. आपण मात्र बहुतेक वेळा एकच नियंत्रित गट घेतो, तोही जो सहज मिळेल तो.

तिसरा निबंध: प्रयोगशाळेशी हातमिळवणी

क्लॉडिया डॉब्लिंगर, कविता सुराणा आणि लॉरा डियाझ अनाडोन यांचा २०१९ चा निबंध ‘रिसर्च पॉलिसी’ या नियतकालिकात आहे. यात ६५७ अमेरिकी स्टार्टअप आहेत आणि प्रश्न अनुदानाचा नसून भागीदारीचा आहे. सरकारी प्रयोगशाळेसारख्या भागीदाराबरोबर तंत्रज्ञान विकासाचा एक करार झाला की स्टार्टअपच्या पेटंटमध्ये सरासरी ७३.७ टक्के वाढ दिसली. सरकारी संस्थेकडून तंत्रज्ञानाचा परवाना घेतला तर वित्तपुरवठ्याचे व्यवहार १५५ टक्क्यांनी वाढलेले दिसले.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. हा निबंध मोलाचा वाटतो, कारण पैशाव्यतिरिक्तच्या मदतीकडे तो लक्ष वेधतो. चाचणीची यंत्रं, अनुभवी शास्त्रज्ञ, मोजमापाची सोय या गोष्टी छोट्या कंपनीला विकत घेता येत नाहीत. पण प्रश्न तोच राहतो. सरकारी प्रयोगशाळा भागीदार म्हणून कोणाला निवडेल? ज्याच्याकडे आधीच काही दम आहे त्याला. लेखकांनी संख्याशास्त्रीय उपायांनी हा परिणाम कमी करण्याचा प्रयत्न केला आहे, पण कटऑफसारखी स्वच्छ रेषा इथे नाही. आणि पुन्हा मोजलं काय? पेटंट आणि पैसा.

तिन्ही निबंधांत जे मोजलं गेलं नाही

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येतो. तिन्ही निबंधांचा कर्ता कंपनी आहे. कंपनीला पैसा मिळाला का, पेटंट मिळालं का, ती टिकली का. पण नेट झिरोचा कर्ता कंपनी नाही. हवेत किती कमी वायू गेला आणि ते करण्याचा खर्च किती उतरला, हा तिथला प्रश्न आहे. या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. एक उदाहरण देतो.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये सोलिंड्रा नावाची कंपनी नळीच्या आकाराचे सौर पॅनल बनवत असे. त्यात पॉलिसिलिकॉन लागत नसे, आणि त्या काळी पॉलिसिलिकॉन फार महाग होतं. २००९ मध्ये सरकारने तिच्या ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी घेतली. त्यानंतर पॉलिसिलिकॉनचे भाव कोसळले, नेहमीचे पॅनल झपाट्याने स्वस्त झाले आणि २०११ च्या सप्टेंबरमध्ये सोलिंड्राने दिवाळखोरी जाहीर केली. हजारावर लोकांची नोकरी गेली. ऊर्जा विभागाच्याच दुसऱ्या एका योजनेतून टेस्लाला २०१० मध्ये ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं होतं. तिने ते २०१३ मध्ये मुदतीच्या कितीतरी आधी फेडलं. टेस्लाचा कारखानाही फ्रीमाँटमध्येच.

तिन्ही निबंधांच्या मोजपट्टीवर सोलिंड्रा नापास आणि टेस्ला उत्तीर्ण. हिशोब इतका सोपा आहे का? सोलिंड्रा बुडण्यामागचं मोठं कारण म्हणजे इतरांचे सौर पॅनल स्वस्त झाले. ते स्वस्त होणं ही हवामानाच्या दृष्टीने गेल्या काही दशकांतली सर्वांत चांगली बातमी आहे. म्हणजे जी घटना कंपनीच्या खात्यात अपयश म्हणून नोंदली गेली, तीच हवामानाच्या खात्यात यश आहे. ज्या करदात्यांचे पैसे बुडाले आणि ज्या कामगारांची नोकरी गेली त्यांचं नुकसान खरंच आहे, ते नाकारायचं नाही. पण कंपनीच्या टिकण्यावरून हवामान धोरणाचा निकाल लावता येत नाही, हे इथे स्पष्ट दिसतं.

आणि पॅनल स्वस्त कशामुळे झाले? फक्त स्टार्टअपना दिलेल्या अनुदानामुळे नाही. जर्मनीच्या २००० सालच्या कायद्याने सौर विजेला वीस वर्षं ठरावीक दर दिला, त्यामुळे ग्राहक तयार झाला. चीनच्या कारखान्यांनी उत्पादन प्रचंड वाढवलं. आपल्याकडेही असंच एक उदाहरण आहे. एलईडी बल्ब सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केले, तेव्हा खरेदीचा भाव २०१४ मधल्या सुमारे ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. इथे कोणत्याही एका कंपनीला अनुदान दिलेलं नव्हतं, खात्रीची मागणी दिली होती. स्टार्टअपच्या मदतीवरच्या या निबंधांत मागणीची बाजू जवळपास गायब आहे. अनुदान हा स्वतंत्र चल म्हणून येतो, पण ‘माल घेणार कोण’ हा चल येत नाही.

मग आपण काय करायचं?

हा प्रश्न आता आपल्याकडेही येऊन ठेपला आहे. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेष यांसाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं वित्त देण्याची ही योजना आहे. पाच-सात वर्षांनी कोणीतरी तिचं मूल्यमापन करेल. तुमच्यापैकीच कोणी करेल. तेव्हा फक्त ‘किती स्टार्टअप, किती पेटंट’ असा तक्ता आला तर पैसे कुठे कामी आले हे कळणारच नाही.

माझा दुरुस्त केलेला आराखडा कसा बदलला ते उदाहरणाने सांगतो. समजा सांगली-कोल्हापूर भागात एक स्टार्टअप उसाच्या पाचटापासून इंधनाच्या कांड्या बनवतं आणि त्याला अनुदान मिळालेलं आहे. आधीचा मी विचारलं असतं: कंपनी चालू आहे का, उलाढाल किती, पेटंट आहे का? आता मी आधी हे विचारेन:

१. हे पाचट एरवी कुठे गेलं असतं? शेतकरी ते पेटवून देत असेल तर एक हिशोब. पण तो ते सरीत आच्छादन म्हणून कुजवत असेल, तर ते उचलून नेण्यात जमिनीचं नुकसानच आहे.

२. कांडीने कोणतं इंधन हटवलं? बॉयलरमधला दगडी कोळसा हटवला तर फायदा मोठा. दुसऱ्या गावची लाकडी भुकटी हटवली तर फारसा नाही.

३. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं का? अनुदानामुळे पहिली खरेदी होऊ शकते. दुसरी खरेदी मालाच्या भावावर आणि गुणवत्तेवर होते.

४. कंपनी बंद पडली असेल तर तिचं ज्ञान कुठे गेलं? तिथला फिटर किंवा इंजिनिअर दुसऱ्या कारखान्यात गेला आणि तिथे तेच यंत्र सुधारून चालवलं, तर ते अनुदान वाया गेलं असं म्हणणार का?

यातले काही प्रश्न आकड्यांत उतरवणं अवघड आहे. त्यासाठी शेतात जावं लागेल, बॉयलर ऑपरेटरशी बोलावं लागेल, बंद पडलेल्या कंपनीच्या मालकाला शोधावं लागेल. पेटंटचा तक्ता घरबसल्या उतरवून घेता येतो. म्हणूनच पेटंट इतक्या निबंधांत भेटतं, असा माझा संशय आहे. हा दोष त्या तीन निबंधांच्या लेखकांना देत नाही. त्यांनी आपण काय मोजतोय ते स्पष्ट लिहिलं आहे. ते मोजमाप उचलून त्यावर ‘नेट झिरो’चं लेबल लावलं ते मी.

तुमच्या प्रस्तावासाठी एकच काम सुचवतो. शीर्षकातले सगळे मोठे शब्द एका कागदावर डाव्या बाजूला लिहा: सक्षमीकरण, गुणवत्ता, विकास, शाश्वतता, जे असतील ते. उजव्या बाजूला प्रत्येकासमोर तो शब्द तुमच्या कोणत्या चलातून, प्रश्नावलीतल्या कोणत्या प्रश्नातून मोजला जातोय ते लिहा. ज्या शब्दासमोर जागा रिकामी राहील, तो शब्द शीर्षकातून काढा किंवा त्यासाठी चल शोधा. मी दोन्ही केलं. शीर्षकातून ‘नेट झिरो’ काढलं आणि चलांच्या यादीत ‘कोणतं इंधन हटलं’ हे आणलं. पुढच्या बैठकीत मॅडमनी शीर्षक वाचलं, यादी वाचली आणि विचारलं, “बॉयलरवाल्यांशी बोलायची परवानगी काढलीत का?” अजून काढायची आहे. या आठवड्यात त्याच कामाला लागलोय.